संगणकाच्या पडद्यावरील डॉक : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बीजसंज्ञा : डॉक, टास्कबार, क्विक लाँच, मराठी लिपी-प्रणाली, संगणक साक्षरता

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्राचा वेग, स्मृती आणि किंमत यांचीच चर्चा अधिक होते. यंत्र सुरू झाल्यानंतर हवा तो प्रोग्रॅम माणूस कसा शोधतो आणि कसा उघडतो, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वास्तविक, पहिल्यांदाच संगणकासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण येथूनच सुरू होते. पडद्याच्या कडेला नित्याच्या प्रोग्रॅमांची चित्रे ओळीने मांडून ठेवणाऱ्या 'डॉक' या सोयीचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा असून, नांदेड व लातूर परिसरात या सोयीला कोणता अर्थ प्राप्त झाला याचा विचार करावयाचा आहे.

इंग्रजीत 'डॉक' म्हणजे जहाजाची गोदी. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या भागात हे रूपक पोहोचणे कठीणच. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा मात्र येथे घरोघरी माहीत आहे. कोठीत सामान कितीही असो, रोज लागणारे पाच-सात जिन्नस हाताशी एकाच डब्यात असतात. डॉकचे तत्त्व याहून वेगळे नाही.

डॉकची घडण

चित्रांवर आधारित पडदा १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाने बाजारात आणला. चित्रांची कायमची पट्टी मात्र त्यानंतरची आहे. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या १९८७ च्या 'आर्थर' प्रणालीत पडद्याच्या तळाशी अशी पट्टी होती. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने १९८८ मध्ये सादर केलेल्या संगणकात ती उजव्या कडेला उभी होती आणि तिला 'डॉक' हे नाव होते. प्रोग्रॅम सुरू नसेल तर त्याच्या चित्राच्या कोपऱ्यात तीन टिंबे दिसत. एवढ्याशा खुणेने 'काय उपलब्ध आहे' आणि 'काय चालू आहे' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी मिळत. अॅपलने नेक्स्ट विकत घेण्याचा निर्णय १९९६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला आणि मार्च २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन प्रणालीत हीच कल्पना नव्या रूपात जगासमोर आली.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग निराळा होता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये प्रोग्रॅम उघडायचा तो 'स्टार्ट'च्या यादीतून आणि चालू प्रोग्रॅम दिसायचा तो टास्कबारवर. म्हणजे एकाच वस्तूच्या दोन जागा. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर 'क्विक लाँच' ही छोटी पट्टी आली. परंतु २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती मुळात बंद ठेवलेली असे. ही उणीव इतरांनी भरून काढली. स्टारडॉक कंपनीचे 'ऑब्जेक्टडॉक' आणि त्यानंतरचे, विनामूल्य मिळणारे 'रॉकेटडॉक' या प्रोग्रॅमांनी विंडोजच्या पडद्यावर मॅकसारखी पट्टी आणली. बाण जवळ नेला की चित्र फुगते, हे त्यांचे आकर्षण होते. त्यासाठी लागणारी स्मृती मात्र जुन्या यंत्रांना भारी पडे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात वीज असेपर्यंतच संगणक वापरता येई. अशा वेळी सुरू होण्यास विलंब लावणारी शोभेची पट्टी काढून टाकणे हाच व्यवहार होता.

मराठवाड्यातील संदर्भ

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक नेला. पाश्चात्त्य देशांत लिखित आज्ञा, यादी आणि चित्रपट्टी या अवस्था एकामागून एक आल्या. आपल्याकडे अनेकांना त्या जवळजवळ एकदमच भेटल्या.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. पुस्तक मराठीत असले तरी पडदा बहुतांशी इंग्रजीच होता. त्यामुळे विद्यार्थी 'स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, वर्ड' ही वाट पाढ्यासारखी पाठ करीत. यादी वाचावी लागते, तर चित्र ओळखावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक सौंदर्याचा नसून प्रवेशाचा होता. अर्थात चित्र म्हणजे सर्वांची भाषा, हा दावाही मला पूर्णतः मान्य नाही. फ्लॉपीचे चित्र म्हणजे 'जतन करा' हे फ्लॉपी न पाहिलेल्या मुलाला शिकवावेच लागते.

मराठी टंकलेखनाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी सी-डॅकची 'आयएसएम' किंवा मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी' यांसारखी प्रणाली आधी उघडावी लागे आणि मग वर्ड किंवा पेजमेकर. इंग्रजी लिहिणाऱ्याला एक प्रोग्रॅम पुरे, मराठी लिहिणाऱ्याला दोन. शिवाय क्रम चुकला तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत. न्यायालय वा तहसील कचेरीच्या परिसरात अर्ज टंकून देणाऱ्याला ही दोन चित्रे शेजारी-शेजारी हाताशी असणे म्हणजे दिवसभराच्या श्रमाची बचत होती. चित्रपट्टीची गरज मराठी वापरकर्त्याला इंग्रजी वापरकर्त्याहून अधिक होती, असे माझे मत आहे.

विंडोज २००० पासून र. कृ. जोशी यांनी घडविलेल्या 'मंगल' टंकासह देवनागरी प्रणालीतच आली. तथापि, एक्सपीमध्ये ती सुरू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मूळ सीडी घालावी लागे, आणि सीडी तर कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद! त्यामुळे जुनी लिपी-प्रणाली आणि तिचे पडद्यावरील चित्र बराच काळ टिकून राहिले.

सामाईक यंत्र आणि खासगी पट्टी

डॉकमागे एक गृहीतक दडलेले आहे : एक यंत्र, एक माणूस. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात एकाच खात्यावर सकाळ-दुपारच्या तुकड्या बसतात. एकाने लावलेली ओळ दुसरा मोडतो. म्हणूनच शिक्षकाला पट्टीपेक्षा यादीचा मार्ग शिकविणे सुरक्षित वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ ने चित्र टास्कबारवरच कायमचे टाचण्याची सोय देऊन उघडण्याची व चालू असल्याची जागा एक केली. एप्रिल २०११ मध्ये उबुंटूनेही डाव्या कडेची उभी पट्टी मूळ रूपातच दिली. पाठ केलेली वाट त्यामुळे अपुरी पडू लागली. एक्सपीला मिळणारे सुरक्षेचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्यावर कार्यालयांनाही हा बदल टाळता येईना.

दरम्यान २००७ च्या आयफोनच्या तळाशी चार चित्रांची ओळ होती आणि पुढे स्वस्त अँड्रॉइड फोनमधून तशीच ओळ खेड्यापाड्यांत गेली. आज प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी डॉक हा शब्द न ऐकताही ती ओळ हाताळीत आलेला असतो. संगणक सुरू होताच तो यादीकडे न जाता पडद्याच्या खालच्या कडेकडे पाहतो. आणि तेथे मराठी टंकलेखनाचे चित्र त्याला बहुधा आढळत नाही.