उपचारी पेस्टचे म्हैसूर घराणे

तीव्र कुपोषित बालकांना द्यायच्या उपचारी पेस्टची जन्मकथा सगळीकडे न्युटेलाच्या बाटलीपासून सांगतात. 1996 च्या सुमारास ती बाटली पाहून फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांना सुचले, की पाण्यात कालवावी लागणारी उपचारी दूधभुकटी अशी चाटण्याजोगी करता येईल. न्यूट्रिसेट कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्या साथीने त्यांनी भुकटीचा काही भाग कमी करून शेंगदाण्याची पेस्ट घातली आणि ‘प्लंपीनट’ तयार झाले. गोष्ट खरी मानली तरी बाटलीतून सुचले ते रूप. दुधाच्या जोडीला शेंगदाणा घेण्याची वाट माझ्या मते आधी म्हैसूरला पडली होती.

तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे गुरांपुढे जायची. 1950 मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे तेल काढलेले पीठ माणसांसाठी तयार केले. त्याचे 75 भाग, हरभऱ्याच्या पिठाचे 25 भाग आणि वरून जीवनसत्त्वे व कॅल्शियम, असे हे ‘बहुउद्देशीय अन्न’ होते. पुढे याच संस्थेने दुधात शेंगदाण्याची प्रथिने मिसळून ‘मिल्टोन’ काढले. अपुरे, महाग दूध शेंगदाण्याने पुरवठ्याला आणायचे, हा विचार प्लंपीनटच्या कितीतरी आधीचा आहे. ब्रियां यांनी म्हैसूरची कृती उचलली, असा माझा दावा नाही. पण पोषणशास्त्रज्ञांमध्ये हे ज्ञान रुजलेले होते आणि ब्रियां त्याच शास्त्रात वाढले. मग ही कल्पना मधे मागे का पडली? 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने हजारो टर्की पक्षी मेले आणि अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. तेव्हापासून पेंडीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, हेच मोठे कारण असावे.

यावर रास्त आक्षेप असा, की म्हैसूरचे अन्न पूरक आहार होते, औषध नव्हते. तो मला मान्य आहे. पेस्टमध्ये भुकटीचा कण न् कण स्निग्धांशात बुडालेला असतो आणि पाणी जवळपास नसते. म्हणून जंतू वाढत नाहीत आणि बाळावर घरीच उपचार होऊ शकतात. हे श्रेय फ्रेंचांचेच. मात्र नेहमीच्या कृतीत 100 ग्रॅममागे दूधभुकटी 30, साखर 28, शेंगदाणा 25 आणि तेल 15 ग्रॅम असते, बाकी जीवनसत्त्वे व खनिजे. यासाठी परदेशी पुडीच हवी, असे काही नाही. 2009 मध्ये केंद्र सरकारने युनिसेफच्या आयात पुड्यांना हरकत घेतली, तर मुंबईत सायन रुग्णालयाने आयआयटीच्या साथीने अशी पेस्ट इथेच बनवून दाखवली. घरचे वरण-भात, अंडी असताना पेस्ट कशाला, हा आहार हक्काच्या कार्यकर्त्यांचा सवाल सर्वसाधारण बालकांपुरता अगदी बरोबर आहे. ज्या बाळाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरतो, त्याच्या इवल्या पोटात तेवढे उष्मांक साध्या जेवणातून मावत नाहीत. त्याला काही आठवडे हे औषध म्हणूनच द्यावे लागते.

आमच्या वाशीम जिल्ह्यात अशी पेस्ट करायची म्हटली, तर सगळ्यात कामाचा दुवा आफ्रिकेतला आहे. तिथे दूध आणि शेंगदाणा दोन्ही वगळून सोयाबीन, मका आणि ज्वारीची पेस्ट करून पाहिली गेली. सोयाबीन हे वाशीमचे मुख्य खरीप पीक, आणि ज्वारी इथली जुनी. त्यामुळे सगळा माल शेतातलाच घेऊन बचत गटांनी पेस्ट करावी, असे कोणालाही वाटेल. पण झांबियातल्या चाचणीत दूध नसलेली ही पेस्ट दोन वर्षांखालच्या मुलांना दुधाच्या पेस्टइतकी लागू पडली नाही. पुढे मलावीत तिच्यात अमिनो आम्ले घातल्यावर ती तोडीस तोड उतरली. म्हणजे सोयाबीनचा मार्ग बंद नाही, पण तो प्रयोगशाळेतून जातो. तोवर वाशीममध्ये पेस्ट करायचीच तर शेंगदाणा पारखून घ्यावा, प्रत्येक खेपेची अफ्लाटॉक्सिन चाचणी व्हावी आणि खर्च वाचवायला दुधाच्या भुकटीला कात्री लावू नये.