'आकाश' टॅबलेट आणि दातातली काडी

टॅबलेटचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण २०१० च्या आयपॅडपासून सुरुवात करतात. मी तुम्हाला ५ ऑक्टोबर २०११ ही तारीख सुचवेन. त्या दिवशी कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा 'आकाश' टॅबलेट दिल्लीत सादर केला. स्वस्त म्हणून तो गाजला आणि 'स्क्रीन दाबावी लागते राव' म्हणून त्याची टिंगलही झाली.

ही टिंगल तपासून बघण्यासारखी आहे. पहिल्या आकाशची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती. तिचे दोन पातळ थर दाबले की एकमेकांना टेकतात आणि स्पर्शाची जागा कळते. दाब कशाचा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नख, पेनाचं टोपण, दातात धरलेली काडी, काहीही चालतं. कपॅसिटिव्ह स्क्रीनला मात्र विद्युतभार ओढून घेणारं काही लागतं, म्हणजे साधारणपणे उघडी त्वचा. तिथे नुसतं टेकवलं तरी पुरतं, पण लाकडी काडी लावली तर स्क्रीन ढिम्म. (दक्षिण कोरियात थंडीत हातमोजे काढायला नकोत म्हणून लोक सॉसेजने फोन चालवायचे, ते यामुळेच.)

आता ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्या बाजूने बघा. बोटांत जोर नसलेल्याला कपॅसिटिव्ह स्क्रीन म्हणजे वरदान. पण जो तोंडातल्या काडीने टाइप करतो, त्याची वर्षानुवर्षांची काडी एका झटक्यात निकामी. तिला वीजवाहक टोक बसवा, आणि ते टोक शरीराशी जोडलेलं राहील असंही बघा. २०१२ च्या 'आकाश २'चं काम आयआयटी मुंबईकडे होतं. त्यात कपॅसिटिव्ह स्क्रीन आली. सगळे 'सुधारणा' म्हणाले. कोणाच्या हातासाठी सुधारणा? संशोधन-प्रश्न असा सापडतो, बघा.

गंमत म्हणजे या स्क्रीनच्या मुळाशीही दुखरे हातच आहेत. वेन वेस्टरमन हा डेलावेअर विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी. टायपिंगने त्याचे हात इतके दुखायचे की त्याने हलक्या स्पर्शावर, अनेक बोटं ओळखणाऱ्या पृष्ठभागावर काम केलं. प्रबंध १९९९ चा. त्याने जॉन एलियास यांच्यासोबत काढलेली फिंगरवर्क्स ही कंपनी २००५ मध्ये ॲपलने घेतली. दोन वर्षांनी आयफोन आला.

पुढच्या सोयी भराभर सांगतो. २०११ मध्ये असिस्टिव्हटच, म्हणजे अवघड हावभाव एका बटणावर. २०१३ मध्ये स्विच कंट्रोल, म्हणजे स्क्रीनला हात न लावता एका बाहेरच्या बटणाने सगळा टॅबलेट. ही कल्पना जुनीच. इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९६० च्या दशकात नळीत फुंकून यंत्रं चालवणारं 'पॉसम' होतं.

पण सोय निघाल्याची तारीख आणि ती माणसापर्यंत पोचल्याची तारीख एक धरू नका. क्रांती चौकात चहा घेताना एका काकांशी बोलत होतो. पक्षाघातानंतर त्यांचा हात थरथरतो. यूपीआयचा पिन टाकताना एकच आकडा दोनदा उमटतो. बोट किती वेळ टेकलं की स्पर्श धरायचा, हा पर्याय त्यांच्याच फोनच्या सेटिंगमध्ये होता. त्यांना माहीत नव्हता, फोन घेऊन देणाऱ्या मुलालाही नाही. त्यांचा उपाय सोपा होता: फोन दुकानदाराकडे द्यायचा आणि पिन मोठ्याने सांगायचा.

कंपनीच्या कागदपत्रांत ही नोंद कुठेच मिळणार नाही. त्यासाठी चौकातच बसावं लागेल, आणि वहीत आधी 'फोन कोणी घेऊन दिला?' हा प्रश्न लिहून न्या.