मागणीचा चित्रपट आणि मनांतला चित्रपट

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, तुर्भें आणि कोपरखैरणें यांच्या शेजारीं, पावणें नांवाचें गांव आहे. मूळचें आगरी-कोळ्यांच्या वस्तीचें हें गांव. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें ठाणें-बेलापूर पट्टींतील कारखान्यांच्या वसाहतींत तें सामावून गेलें. अशा वसाहतींतील कारखान्यांना आज मालाइतकीच चित्रांचीहि गरज पडते. नव्या कामगाराला धोक्याची जाणीव द्यावयाची असते, परगांवच्या गिऱ्हाइकाला यंत्र चालतांना दाखवावयाचें असतें. आणि त्यासाठीं लहान लहान चित्रपट पैसे देऊन करवून घेतले जातात. तें काम पत्करणाऱ्या तरुणांपैकीं कित्येकांच्या मनांत स्वतःचा असा एक निराळाच चित्रपट घोळत असतो. मागणीचें काम पोटासाठीं, आणि मनांतलें काम कधींतरी पुढें, अशी त्यांनीं वांटणी केलेली असते. श्रोतेहो, या वांटणींत कांहीं कमीपणा आहे काय, हा प्रश्न आज विचारावयाचा आहे. आणि त्याचें उत्तर आपल्या चित्रपटाच्या इतिहासांतच शोधावयाचें आहे.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब चित्रपटाकडे वळले तेव्हां चाळिशी गांठलेले होते. तोंवर त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा केला होता, ठसे तयार करून चित्रें छापलीं होतीं, जादूचे प्रयोगहि केले होते. हीं सारीं पोटाचीं कामें. परंतु पुढें पडद्यावर देव प्रकट झाले आणि अदृश्य झाले, त्यामागें हीच जुनी कारागिरी होती. पोटाच्या उद्योगानें त्यांना हात दिला असें म्हणतां येईल. पैसा मात्र दिला नाहीं. १९१२ मध्यें विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेस गेले व कॅमेरा घेऊन आले. भांडवलवाल्यांना या विद्येची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या अंकुराचें रोज थोडथोडें चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. तेव्हां कोठें कर्ज मिळालें. घरांतले दागिनेहि या कामीं आले, आणि कंपनीच्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनीं सांभाळला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

यश आलें, कीर्ति आली; पण पैशाची चणचण सुटली नाहीं. १९१८ सालीं भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि थोड्याच काळांत दादासाहेबांचे भागीदारांशीं मतभेद झाले. ते कंपनी सोडून काशीस गेले, कांहीं काळानें परत आले. पण पूर्वींचें धनीपण त्यांच्या हातीं पुन्हां पुरतें आलें नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां ज्या धंद्याचा पाया त्यांनीं घातला त्या धंद्यांत त्यांना स्थान उरलें नव्हतें. यांत कोणा एकाला दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याचा पैसा थेट चित्रपटांत गुंतला, तो चित्रपट किती दिवसांत व किती खर्चांत व्हावा हें सांगूं लागणारच. दादासाहेबांना पैसा मिळाला तो त्यांच्या खऱ्या कृतीवरच मिळाला. म्हणून ती कृतीच अखेर गहाण पडली.

कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांची वाट किंचित् निराळी होती. ते व त्यांचे बंधु आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पडदा मंडळीचा, मागणी मंडळीची. पण त्या कमाईच्या आधारानें दोघा भावांनीं स्वतःच्या हातानें कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं तें काम तडीस नेलें. पुढें तानीबाई कागलकर यांनीं भांडवल पुरविलें, आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ प्रकट झाला. नाटकाच्या पडद्यांवर मुरलेली दृष्टि त्यांच्या चित्रपटांच्या नेपथ्यांत उघड दिसे.

या वाटेचें सर्वांत पूर्ण उदाहरण मुंबईंतच घडलें. श्याम बेनेगल हे मूळचे हैद्राबादकडचे. जाहिरातीच्या धंद्यांत शिरून त्यांनीं ९००हून अधिक जाहिरातपट व माहितीपट केले. मनांत मात्र तेलंगणांतील एका जमीनदाराच्या मुलाची व त्याच्या घरच्या मोलकरणीची कथा होती. तिला गाणीं नव्हतीं, म्हणून धंदेवाईक निर्माता तिच्याकडे फिरकत नव्हता. एका तपाहून अधिक काळ ती कथा तशीच राहिली. अखेर पैसा आला तो ब्लेझ या संस्थेकडून. आणि तिचा व्यवसाय होता चित्रगृहांतून जाहिरातपट दाखविण्याचा! १९७४ सालीं ‘अंकुर’ प्रकाशित झाला. त्याचे छायालेखक गोविंद निहलानी व संगीतकार वनराज भाटिया हे दोघेहि जाहिरातींच्या कामांत तयार झालेले होते. म्हणजे मागणीच्या कामानें बेनेगलांना नुसती रोजी दिली नाहीं. सोबती दिले, हात चालता ठेवला आणि शेवटीं आश्रयदाताहि दिला.

त्याहूनहि लक्षणीय गोष्ट पुढें झाली. गुजराथेंतील दूध-सहकाराविषयीं माहितीपट करीत असतां त्यांना मोठ्या चित्रपटाचा विषय सांपडला. ५ लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं २ रुपये दिले आणि त्या १० लाखांतून १९७६ सालीं ‘मंथन’ झाला. त्याच्या लेखनांत विजय तेंडुलकरांचा वांटा होता. पैसा सहकाराचा असूनहि चित्रपट नुसती सहकाराची स्तुति करीत नाहीं; गांवांतील जातिभेद, हितसंबंध आणि शहरांतून आलेल्या सुधारकाची अगतिकता हींहि त्यांत उघडीं पडतात. पैसे देणाऱ्यानें एवढी मोकळीक दिली, हें त्याचेंहि मोठेपण.

कारखान्याचा विषयच रुक्ष, त्यांत कला कोठून येणार, असें कोणी म्हणेल. त्याला फ्रान्समधील उदाहरण सांगावें. १९५८ सालीं पेशिने या कंपनीनें प्लॅस्टिकच्या उत्पादनावर चित्रपट करावयास अॅलें रेने यांना सांगितलें. त्यांनीं रेमों केनो या कवीकडून वृत्तबद्ध निवेदन लिहवून घेतलें, आणि जी मूस व जें रसायन पावण्यासारख्या वसाहतींत रोज दिसतें, त्यांतूनच एक संस्मरणीय लघुपट निर्माण केला.

तथापि या वाटेचें मोल द्यावें लागतें, तें वेळाचें. ‘अंकुर’ लोकांपुढें आला तेव्हां बेनेगल चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. मागणीचें काम हप्त्याहप्त्यानें येतें, चांगले पैसे देतें आणि उद्यांवर ढकलण्याची संवय लावतें. मनांतली कथा अशा संवयींत हळूहळू विझून जाण्याचा धोका खरा आहे. आणि त्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, कारण न झालेल्या चित्रपटाची नोंद कोठेंच होत नसते.

म्हणून मागणीचें काम हलकें मानण्याचें कारण नाहीं. तें प्रामाणिकपणें करावें, त्यांतील शिक्षण घ्यावें, त्यांतले सोबती जोडावे. मात्र मिळकतींतला ठराविक भाग आणि वर्षांतले ठराविक दिवस मनांतल्या कामासाठीं आरंभींच बाजूला काढून ठेवावे. आपलें कसब दुसऱ्यासाठीं राबवून पैसा मिळविणारा माणूस स्वतःच्या कृतीचा धनी राहूं शकतो. ती कृतीच तारण ठेवून पैसा घेणाऱ्याला तें धनीपण टिकविणें फार अवघड जातें, हें दादासाहेबांच्या उत्तरायुष्यानें आपणांस शिकविलें आहे.