घाट, धुकं आणि पुराचं पाणी : आपल्याच गाडीतल्या या गोष्टी तुम्हाला माहितीयेत का?

पावसाळ्यातला रविवार म्हटलं की पसरणी घाटात गाड्यांची रांग ठरलेली. सांगलीची एमएच १०, साताऱ्याची एमएच ११, कराडची एमएच ५०, सगळ्यांना पाचगणी-महाबळेश्वर गाठायचं असतं. यातल्या बऱ्याच जणांना गाडीचं मायलेज विचारा, तोंडपाठ असतं. टचस्क्रीनवर गाणं कसं लावायचं हेही माहिती असतं. पण पुढच्या काचेवर वाफ धरली की कुठलं बटण दाबायचं? इथं मात्र फडकं बाहेर निघतं.

नवी गाडी घेतली की पेढे वाटतात, हार घालतात, फोटो टाकतात. तिच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहतं. आपल्या भागात घाट आहेत, धुकं आहे आणि कृष्णेचा पूरही आहे. त्यामुळं निदान पुढच्या गोष्टी तरी माहिती असायलाच हव्यात.

धुक्यात चारही इंडिकेटर लावायचे का?

नाही. हॅझर्ड लाइट, म्हणजे लाल त्रिकोणाचं बटण, हे बंद पडलेल्या किंवा रस्त्यात थांबलेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीत ते लावलं की मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय तेच कळत नाही. शिवाय बहुतेक गाड्यांत ते चालू असताना डाव्या-उजव्या वळणाचा इशाराही देता येत नाही.

धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा आणि वेग कमी करा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

काचेवरची वाफ कशी घालवायची?

वाफ आतून धरली असेल तर पुढच्या काचेवर हवा सोडणारं बटण दाबा, एसी लावा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, म्हणून काच लवकर साफ होते. बाहेर गारठा आहे म्हणून एसी बंद ठेवणारे इथंच फसतात. वाफ बाहेरून धरली असेल तर मात्र वायपर फिरवा आणि एसीचा गारवा कमी करा.

उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं?

हा गैरसमज फार जुना आहे. आताच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं इंधन लागतंच.

खरा धोका ब्रेकचा आहे. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, जळकट वास येतो आणि मग दाबले तरी नीट लागत नाहीत. इंजिनच बंद केलं तर थोड्याच वेळात ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टेअरिंगही जड होतं. म्हणून पसरणी असो, केळघर असो की खंबाटकी, साधा नियम म्हणजे ज्या गियरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल, एस किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो.

ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर जाणवली तर?

पाय काढू नका. ते एबीएस आहे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये ते सक्तीचं आहे. चाकं जाम होऊ नयेत म्हणून ते ब्रेक झपाट्यानं धरतं आणि सोडतं, त्याचीच ती थरथर. ब्रेक पूर्ण दाबून ठेवा आणि स्टेअरिंग मोकळ्या जागेकडं वळवा. एबीएसचा फायदाच तो, जोरात ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते.

बीप बंद करायला बेल्टची नुसती क्लिप लावली तर?

चालकासाठी आणि शेजारच्या सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारी बीप जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. लोकांनी त्यावर नुसती क्लिप खोचायची युक्ती काढली. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. कारण एअरबॅग ही बेल्टच्या जोडीनं काम करते. बेल्ट नसेल तर माणूस पुढं फेकला जातो आणि उघडणारी एअरबॅगच त्याला इजा करू शकते. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्यानं बंधनकारक आहे.

गाडी पाण्यात बंद पडली तर?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेनं इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि आतले दांडे वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत.

पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. बेल्ट काढा, काचा खाली घ्या आणि बाहेर पडा. पाण्याच्या दाबानं दार उघडायला जड जातं. हेडरेस्ट काच फोडण्यासाठीच दिलेला असतो, असे व्हिडिओ फिरतात. ते खरं नाही. हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान वाचवण्यासाठी असतो आणि काही गाड्यांत तो निघतही नाही. काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवा आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढची काच दोन थरांची असते, ती सहज फुटत नाही.

जाता जाता एवढं बघा

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी लगेच थांबा. पिवळा लागला तर गाडी लवकर दाखवून घ्या. टायरमध्ये हवा किती भरायची हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो.

पुढच्या रविवारी निघण्याआधी दहा मिनिटं गाडी अंगणात उभी करा, ते पुस्तक बाहेर काढा आणि एकेक बटण दाबून बघा. घाटात, धुक्यात ते शोधायला वेळ मिळत नाही.