कुलाब्याची चुंबकपट्टी आणि केंब्रिजची परिषद

लोंबकळणारा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा संवेदकच. जर्मनीत गॉस आणि वेबर यांनी चुंबकाला आरसा जोडला आणि दूरवर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्याची हालचाल पट्टीवर वाचण्याची युक्ती काढली. डोळ्यांना न दिसणारी थरथर त्यामुळे आकड्यांत उतरू लागली. पण एका ठिकाणची थरथर स्थानिक की सगळ्या पृथ्वीची, हे एकट्या यंत्राला सांगता येत नाही. म्हणून गटिंगेनच्या या मंडळींनी ठरावीक दिवशी, गटिंगेनच्याच घड्याळाप्रमाणे, निरनिराळ्या गावी दर पाच मिनिटांनी एकाच वेळी वेध घेण्याची प्रथा पाडली. तार अजून आलेली नव्हती. मेळ बसायचा तो पुढे कागद समोरासमोर ठेवल्यावर.

१८३६ साली हुम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून ब्रिटिश वसाहतींत अशी ठाणी उभारण्याचा आग्रह धरला. एडवर्ड सबाइन यांनी तो तडीस नेला. टोरांटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट ही ठाणी सरकारची. मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे. विज्ञानाच्या या सहकार्याची चौकट साम्राज्याचीच होती, हे विसरून चालणार नाही.

ठाणी उभी राहिली ती ठरावीक मुदतीपुरती. मुदत सरत आली तेव्हा, जून १८४५ मध्ये, केंब्रिज येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात चुंबकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अधिवेशनाचे अध्यक्ष जॉन हर्शेल होते. सेंट पीटर्सबर्गहून कुप्फर आले होते. प्रश्न साधा, पण पैशाचा होता : वेध चालू ठेवायचे की आवरते घ्यायचे? परिषदेने चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. तरी सिमला आणि सिंगापूर येथील काम १८४५च्या सुमारास थांबलेच. कुलाबा टिकला.

टिकला म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली यंत्रे, दर तासाला वाचन, रात्रीच्या पाळ्या, आणि चुंबक अस्वस्थ झाला की त्याहून दाट नोंदी. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथेच अलिबागजवळच्या नागावचे तरुण केरो लक्ष्मण छत्रे वेध घेत शिकले. मराठीतल्या गणित-ज्योतिषाच्या इतिहासात केरूनानांचे नाव ग्रंथांसाठी आणि टिळकांचे गुरू म्हणून घेतले जाते. मला त्यांची ही उमेदवारी अधिक बोलकी वाटते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर झगझगाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी, म्हणजे मुंबईत २ तारखेच्या सकाळी, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघाले. क्यूची छायाचित्रावर नोंद घेणारी यंत्रे पट्टीबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणूस दुर्बिणीला डोळा लावून होता. आडव्या क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट वहीत उतरली. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी ही नोंद जगापुढे मांडली. यांतील शेवटचे दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. आकड्यावर वाद आहे. तासाची सरासरी धरली तर तो बराच खाली येतो. पण वाद घालायला आकडा आहे, हे महत्त्वाचे. क्वेबेक प्रांत १९८९च्या मार्चमध्ये ज्या वादळाने अंधारात बुडाला, त्याची तुलना कशाशी करायची हे या वहीमुळे ठरवता येते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. रुळांतून वाहणारा प्रवाह चुंबकाला भुलवणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली आणि घाई केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन खंडांत छापून काढल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. नागाव तिथून काही किलोमीटरवर.