दुसऱ्याच्या घरात बसवलेले यंत्र : पहिल्या राउटरच्या जागेची गोष्ट

🧵 धागा

१/
२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून, ‘लॉगिन’ हा शब्द धाडला जात होता. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली. ही कथा सर्वपरिचित आहे. ती अक्षरे वाहून नेणारे यंत्र त्या खोलीत कसे आले, ही कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

२/
अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेला आपल्या अनुदानावर चालणारे संगणक परस्परांशी जोडायचे होते. विद्यापीठे नाखूश होती. संगणक महाग, त्याचा वेळ अपुरा. त्यातला वाटा परक्यांचे निरोप पोहोचवण्यासाठी कोण देणार?

३/
१९६७ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील बैठकीनंतर वेस्ली क्लार्क यांनी तोडगा सुचवला : प्रत्येक ठिकाणी एक छोटा, स्वतंत्र संगणक ठेवावा. निरोपांची ने-आण त्यानेच करावी. विद्यापीठाच्या संगणकावर तो भार पडू नये. या यंत्राचे नाव ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’, थोडक्यात ‘इम्प’. आजच्या राउटरचा हा पूर्वज.

४/
येथे नवाच पेच उभा राहिला. खोली आणि वीज विद्यापीठाची. यंत्र मात्र जाळ्याचे. ते चालते ठेवण्याची जबाबदारी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथल्या ‘बीबीएन’ कंपनीची, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर दूर. परक्या घरातले यंत्र घरमालकाच्या भरवशावर न ठेवता कसे चालवावे?

५/
जानेवारी १९६९ मध्ये बीबीएनचे काम सुरू झाले. प्रमुख फ्रँक हार्ट यांना एक धास्ती होती : जिज्ञासू विद्यार्थी यंत्र उघडून पाहणारच! म्हणून त्यांनी हनीवेलच्या डीडीपी-५१६ संगणकाची लष्करी धाटणीची, भक्कम पोलादी कपाटातली आवृत्ती निवडली. वजन सुमारे ४०० किलो. उचलण्यासाठी माथ्यावर कड्या.

६/
दुसरी चिंता विजेची. यंत्राजवळ बीबीएनचा माणूस बसणार नव्हता. म्हणून वीज जाऊन परत आली की इम्पने आपणहून पुन्हा कामाला लागावे, अशी योजना झाली.

७/
तिसरा प्रश्न अंतराचा, आणि खोलीची मांडणी खरे तर यानेच ठरवली. यंत्रे जोडण्याचे नियम बीबीएनच्या अहवाल क्रमांक १८२२ मध्ये आहेत. त्यानुसार विद्यापीठाचा संगणक आणि इम्प यांच्यातील केबल ३० फुटांपर्यंतच असू शकत होती. पुढे २,००० फुटांपर्यंतच्या जोडणीसाठी निराळी रचना करावी लागली. शिवाय सेकंदाला ५० किलोबिट वाहणाऱ्या टेलिफोन लाइनची मोडेम-यंत्रणाही जवळच हवी. म्हणजे एका खोलीत तीन धनी : विद्यापीठ, बीबीएन आणि टेलिफोन कंपनी.

८/
यूसीएलएमध्ये ही खोली होती बोल्टर हॉलमधील क्रमांक ३४२०. सिग्मा-७ संगणकाला इम्पशी जोडणारे हार्डवेअर माइक विंगफिल्ड या विद्यार्थ्याने तयार केले. ३० ऑगस्टच्या सुमारास यंत्र आले आणि २ सप्टेंबरला दोघांमध्ये माहितीची ये-जा सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये दुसरा इम्प स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बसला. वर्ष सरताना अशी चार ठिकाणे जोडली गेली होती.

९/
या नियोजनाचे फळ पुढे दिसले. इम्प आपल्या प्रकृतीचे अहवाल स्वतःच केंब्रिजला पाठवू लागले. कॅलिफोर्नियातील टेलिफोन लाइनमधला बिघाड देशाच्या दुसऱ्या टोकाला आधी कळे आणि तिथून टेलिफोन कंपनीला फोन जाई. विद्यार्थ्यांची धास्ती घेऊन सुरू झालेल्या विचाराने दूरस्थ देखरेखीची पद्धत घडवली.

१०/
आज डेटा सेंटरमध्ये मोठे राउटर रॅकवर चढवण्याआधी हेच विचारले जाते : जमीन वजन पेलेल का? केबल कुठून येईल? वीज गेली तर काय? हात कोण लावू शकेल? इमारत एकाची, रॅक दुसऱ्याचा, लाइन तिसऱ्याची. म्हणूनच तिथे कुलूपबंद जाळ्या दिसतात. तंत्र पालटले, पाहुणा आणि यजमान यांच्यातला तो जुना करार मात्र टिकून आहे.

११/
आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. खोली क्रमांक ३४२० मात्र २०११ मध्ये पूर्वीच्या रूपात पुन्हा उभारण्यात आली. पहिला इम्प आजही तिथेच, आपल्या पोलादी कपाटात उभा आहे.

धागा समाप्त.