परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी-निधी म्हणजे काय?

विद्यार्थ्यांनी थोडे थोडे पैसे जमवून, परिस्थितीमुळे अडलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला लावलेला हातभार म्हणजे विद्यार्थी-निधी.

वऱ्हाडात याची गरज का?
अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिकायला इंग्लंडला गेले, तेव्हा वडिलांनी शेती गहाण ठेवली होती. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने आहे. मात्र ज्या घरात गहाण ठेवायलाही जमीन नाही, तिथल्या मुलाने काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शिष्यवृत्ती असताना पैसे का लागतात?
राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांतून शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. पण शिष्यवृत्ती हाती येण्याआधीच पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा आणि विद्यापीठांचे अर्ज यांवर खर्च होतो. पुढे काही विद्यापीठे जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला तर शुल्काशिवाय वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. प्रवेश मिळूनही मुले अडतात ती बहुधा याच टप्प्यावर.

जगात हे कुठे चालते?
कॅनडात ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा’ ही संस्था १९७८ पासून निर्वासित तरुणांना तिथल्या महाविद्यालयांत आणते. अनेक ठिकाणी विद्यार्थी मतदान घेऊन आपल्याच शुल्कात काही डॉलरची भर घालतात. आतापर्यंत २,००० हून अधिक तरुण असे शिकले. एकदाच केलेल्या आवाहनापेक्षा दर सत्राला येणारी छोटी रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण पुढच्या विद्यार्थ्यालाही शब्द देता येतो.

आपल्याकडे हिशोब कसा बसेल?
समजा, अकोल्याच्या जठारपेठेतील आणि आसपासच्या ५०० विद्यार्थ्यांनी महिन्याला २० रुपये दिले. महिन्याचे १०,००० आणि वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. यात परदेशातले अख्खे शिक्षण होणार नाही. पण शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतचा एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा बराचसा खर्च यातून भागू शकतो.

नियम कोणते?
नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे कलम ४१ क नुसार घेतात तीच ही. नोंदणीकृत संस्थेमार्फत निधी चालवला तर काम सोपे होते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी कायद्याने ‘विदेशी अंशदान’ ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी हवी.

काळजी कोणती घ्यावी?
पैसे एखाद्याच्या खासगी खात्यात किंवा क्यूआर कोडवर घेऊ नयेत. शक्य तिथे शुल्क थेट विद्यापीठाला भरावे आणि हिशोब दर महिन्याला सर्वांसमोर ठेवावा. निवडीचे निकष आधी ठरवावेत. विद्यार्थ्याचा फोटो आणि घरची परिस्थिती त्याच्या संमतीशिवाय सोशल मीडियावर टाकू नये. मदत घेतली म्हणून कोणाला मान खाली घालावी लागू नये.